रॉकेटच्या फीड लाइनमधली दाबाची दोलनं: संगणकावर मॉडेल कसं बांधायचं

टाकीपासून इंजेक्टरपर्यंतची (ज्वलनकक्षात, म्हणजे चेंबरमध्ये, द्रव फवारणाऱ्या भागापर्यंतची) नळी, म्हणजे फीड लाइन, ड्रॉइंगवर एक रेघ असते. लांबी, व्यास आणि भिंतीची जाडी कळली की मॉडेल तयार, असं वाटतं. मग चाचणी होते आणि मोजलेला आलेख मॉडेलशी जुळत नाही. अशा वेळी चूक या तीन आकड्यांत क्वचितच सापडते. बहुतेकदा लाइनमध्ये कुठेतरी न मोजलेली लवचीकता दडलेली असते: अडकलेला बुडबुडा, बेलोज (घड्यांचा लवचीक जोड), पंपाच्या तोंडाशी झालेलं कॅव्हिटेशन (कमी दाबाने द्रवात झालेल्या वाफेच्या पोकळ्या), सेन्सरकडे जाणारी बारीक नळी. खालच्या सगळ्या पायऱ्या ती लवचीकता शोधून हिशोबात आणण्यासाठी आहेत.

आधी दोलन कोणतं ते ठरवा

एकाच मॉडेलने सगळं सुटत नाही. व्हॉल्व्ह झटकन उघडला किंवा मिटला की जो दाबाचा फटका बसतो तो वॉटर हॅमर. तो वेळेच्या अक्षावर, पायरी पायरीने सोडवावा लागतो. चेंबरचा दाब आणि इंजेक्टरमधला प्रवाह एकमेकांना ढकलू लागले की चगिंग, साधारण काही दहा ते दोनशे-अडीचशे हर्ट्झ. तिसरा पोगो. त्यात रॉकेटची रचनाच लांबीच्या दिशेने कंप पावते, त्याने लाइनमधला दाब हलतो, दाबाने थ्रस्ट हलतो आणि थ्रस्ट पुन्हा रचनेला हलवतो. चगिंग आणि पोगोसाठी रेषीय, वारंवारतेच्या अक्षावरचं मॉडेल सोयीचं. हजार हर्ट्झच्या पुढची किंचाळी ऐकू येत असेल तर ती चेंबरच्या ध्वनिलहरींची गोष्ट आहे. तिथे फीड लाइनचं मॉडेल कितीही सुधारलं तरी उत्तर मिळणार नाही.

हातात धरायचं उदाहरण

पुढचे सगळे आकडे एकाच प्रणालीचे आहेत. टाकीच्या दाबावर चालणारं छोटं इंजिन, द्रव ऑक्सिजनची बाजू. स्टेनलेस स्टीलची नळी ३ मीटर लांब, आतला व्यास २५ मि.मी., भिंत १ मि.मी. प्रवाह २ किलो प्रति सेकंद, घनता ११४० किलो प्रति घनमीटर, म्हणजे वेग ३.५७ मीटर प्रति सेकंद. चेंबरचा दाब २० बार, इंजेक्टरवरचा दाबफरक ४ बार. नळीच्या इंजेक्टरकडच्या टोकाशी दाब २४ बार.

पायरी १: लाइनची यादी करा, आणि फांद्या विसरू नका

मुख्य नळीची यादी सगळेच करतात. पर्ज लाइन (वायूने नळी साफ करणारी), भरण्याची लाइन, बंद टोकाचे टी-जोड, फिल्टरचं घर, इंजेक्टरचा मॅनिफोल्ड (द्रव वाटून देणारी पोकळी) आणि सेन्सरच्या नळ्या यादीतून सुटतात. प्रत्येकाची लांबी, व्यास, घनफळ आणि तो वर तोंड करून आहे की खाली, हे लिहा. वर तोंड असलेलं बंद टोक म्हणजे वायू साठण्याची हक्काची जागा. द्रव ऑक्सिजनच्या बाबतीत ही नुसती मॉडेलची अडचण नाही. दाबाचा फटका बसून तिथला वायू क्षणात दाबला गेला की तापतो, आणि आत ग्रीस किंवा कचरा असेल तर पेट घेऊ शकतो.

पायरी २: नळीतला तरंगवेग काढा

सुट्ट्या द्रव ऑक्सिजनमध्ये ९० केल्व्हिनला ध्वनीचा वेग सुमारे ९०० मीटर प्रति सेकंद असतो. नळीची भिंत थोडी फुगते, म्हणून नळीतला वेग त्याहून कमी. द्रवाचा बल्क मोड्युलस (दबण्याला होणारा विरोध) म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, इथे ०.९२ गिगापास्कल. त्याला व्यासाने गुणून स्टीलचा यंग मोड्युलस (२०० गिगापास्कल) आणि भिंतीची जाडी यांच्या गुणाकाराने भागा: ०.११५ येतं. त्यात १ मिळवून वर्गमूळ घ्या आणि ९०० ला त्याने भागा. उत्तर सुमारे ८५० मीटर प्रति सेकंद.

आता यात फक्त ०.१ टक्का हेलियम बुडबुड्यांच्या रूपाने मिसळलेला आहे असं धरा. मिश्रणाची दबण्याची क्षमता म्हणजे द्रवाचा आणि वायूचा आपापल्या वाट्याने घेतलेला हिस्सा. वायूसाठी ती १ भागिले (गॅमा गुणिले दाब). गॅमा म्हणजे वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर, हेलियमसाठी १.६६. २४ बारला वेग ८५० वरून ७७४ वर येतो. तेवढाच ०.१ टक्का वायू ३ बारच्या लाइनमध्ये असेल तर वेग थेट ५२२ वर! पंपाच्या आधीच्या, कमी दाबाच्या सक्शन लाइन इतका त्रास का देतात ते इथे दिसतं. बारीक बुडबुडे आणि संथ दोलन असेल तर वायू समतापी वागतो, म्हणून गॅमाच्या जागी १ ते १.६६ ही पूर्ण कक्षा चालवून पाहा.

पंपाची किंवा दाबाची प्रणाली कोणतीही असो, गार करण्याच्या टप्प्यात लाइनमध्ये द्रव आणि वाफ दोन्ही असतात. त्या पहिल्या काही सेकंदांना स्थिर अवस्थेतला वेग लावू नका.

पायरी ३: कोडच्या आधी कागद

तीन आकडे हाताने काढून भिंतीवर लावा. पहिला, प्रवाह एकदम थांबला तर उठणारा दाब: घनता × तरंगवेग × प्रवाहवेग = ११४० × ८५० × ३.५७, म्हणजे सुमारे ३४.६ बार. दुसरा, तरंगाच्या जाण्यायेण्याचा वेळ: ६ मीटर भागिले ८५०, म्हणजे ७.०६ मिलिसेकंद. व्हॉल्व्ह यापेक्षा लवकर मिटला तर पूर्ण ३४.६ बार बसतात. आणि ‘व्हॉल्व्ह ५० मिलिसेकंदांत मिटतो’ या माहितीवर विसंबू नका: बॉल व्हॉल्व्हमध्ये प्रवाह खरा तुटतो तो फिरण्याच्या शेवटच्या छोट्या हिश्श्यात, त्यामुळे परिणामकारक वेळ ७ मिलिसेकंदांच्या आसपासही येऊ शकतो. पूर्ण उघडझापेची वक्ररेषा मिळवा, सरळ रेघ धरू नका.

तिसरा आकडा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित: नळीचा इम्पीडन्स (तरंगात प्रवाह बदलला की दाब किती बदलतो), म्हणजे तरंगवेग भागिले क्षेत्रफळ. आपल्या नळीचा तो १७.३ बार प्रति (किलो/सेकंद) येतो. यापुढे त्याला ‘झ’ म्हणू. इंजेक्टरचा रेषीय विरोध म्हणजे दाबफरकाची दुप्पट भागिले प्रवाह: २ × ४ ÷ २ = ४ बार प्रति (किलो/सेकंद). हा झ पेक्षा बराच कमी आहे. म्हणजे तरंगाच्या नजरेतून इंजेक्टर हे बंद टोक नाही, जवळपास उघडं टोक आहे.

याचा परिणाम मोठा आहे. बरेच जण सवयीने एक टोक बंद धरणारं पावलहरीचं सूत्र लावतात (तरंगवेग ÷ [४ × लांबी]) आणि ७१ हर्ट्झ सांगतात. इंजिन चालू असताना ही नळी प्रत्यक्षात, दोन्ही टोकं उघडी असल्यासारखी, अर्धलहरीवर, १४२ हर्ट्झच्या जवळ घुमते. ७१ हर्ट्झ येतात ते व्हॉल्व्ह मिटल्यावर. एकाच लाइनचे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्ही बरोबर आहेत, आणि कोणता कधी वापरायचा ते झ ठरवतो.

पायरी ४: कॅरॅक्टरिस्टिक्स पद्धतीचा कोड

नळीचे ३० समान तुकडे करा, प्रत्येकी १० सें.मी. टाइम स्टेप म्हणजे ०.१ ÷ ८५०, सुमारे ०.११८ मिलिसेकंद. तरंग एका स्टेपमध्ये नेमका एक तुकडा ओलांडतो, हीच या पद्धतीची ताकद. टाइम स्टेप त्याहून लहान ठेवून मधल्या किमती सरळ रेषेने काढल्या तर कोड चालतो, आलेखही गोंडस दिसतो, पण दोलन आपोआप विझत जातं. ते विझणं गणिताचं असतं, नळीचं नसतं.

आतल्या प्रत्येक नोडसाठी (दोन तुकड्यांमधल्या बिंदूसाठी) दोन बेरजा लागतात. डावीकडच्या शेजाऱ्याचा आधीच्या क्षणाचा दाब अधिक झ × प्रवाह, वजा त्या तुकड्यातलं घर्षण: याला ‘पु’ म्हणू, पुढे जाणारा तरंग. उजवीकडच्या शेजाऱ्याचा दाब वजा झ × प्रवाह, अधिक घर्षण: हा ‘मा’, मागे येणारा. मग:

नवा दाब = (पु + मा) ÷ २
नवा प्रवाह = (पु − मा) ÷ (२ × झ)

घर्षणाचं पद प्रवाह × |प्रवाह| अशा रूपात लिहा. नुसता वर्ग लिहिला तर प्रवाह उलटला की घर्षण त्याला मदत करू लागतं, आणि ही चूक शोधायला अख्खा दिवस जातो.

लाइनमध्ये वेगवेगळ्या नळ्या असतील तर सगळ्यांची टाइम स्टेप एकच हवी. तुकड्यांची संख्या पूर्णांकात बसवण्यासाठी तरंगवेग चार-पाच टक्क्यांच्या आत सरकवा. तो तसाही तेवढा अचूक माहीत नसतो. लांबीला हात लावू नका. १०-१५ सें.मी.पेक्षा छोटे जोड आणि फिल्टर यांना ग्रिड देण्याऐवजी एक जडत्व आणि एक लवचीकता असं गोळा करून घाला. ३०० हर्ट्झपर्यंत ते पुरतं.

पायरी ५: टोकं

टाकीचं टोक सोपं: दाब ठरलेला, प्रवाह ‘मा’ वरून काढायचा. इंजेक्टरच्या टोकाला दोन अटी एकत्र येतात. दाब = पु − झ × प्रवाह, आणि दाब वजा चेंबरचा दाब = क × प्रवाहाचा वर्ग. इथे क म्हणजे ४ बार भागिले २ चा वर्ग, म्हणजे १. यातून येणारं वर्गसमीकरण शाळेतल्या सूत्राने सोडवू नका, कारण क लहान झाला की छेद शून्याकडे जातो. फ = पु − चेंबरचा दाब असं धरून हे रूप वापरा:

प्रवाह = २ × फ ÷ [झ + √(झ² + ४ × क × फ)]

फ ऋण झाला, म्हणजे चेंबर उलटा ढकलू लागला, तर |फ| घेऊन सोडवा आणि उत्तराचं चिन्ह बदला.

चेंबरसाठी एक साधं समीकरण पुरतं: चेंबरचा दाब, आत आलेल्या प्रवाहाने ठरणाऱ्या दाबाच्या मागे एका कालस्थिरांकाने धावतो. वैशिष्ट्यपूर्ण लांबी (चेंबरचं घनफळ ÷ नोझलच्या घशाचं क्षेत्रफळ) १ मीटर, वैशिष्ट्यपूर्ण वेग (चेंबरचा दाब × घशाचं क्षेत्रफळ ÷ प्रवाह) १७०० मीटर प्रति सेकंद आणि गॅमा १.२ धरला तर हा कालस्थिरांक १.४ मिलिसेकंद. शिवाय थेंब आत पडल्यापासून जळेपर्यंतचा विलंब आहेच. त्यासाठी प्रवाहाच्या जुन्या किमती साठवून ठेवा. १.२ मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे १०.२ स्टेप, तो १० वर ओढू नका, १० आणि ११ च्या मधली किंमत काढा. सीमेजवळ एवढा फरकही स्थिर-अस्थिर बदलतो.

पायरी ६: कोडवर विश्वास ठेवण्याआधी

- काहीही न हलवता एक सेकंद चालवा. दाब सरकला तर सुरुवातीची स्थिर अवस्था वेगळ्या सूत्राने काढली गेली आहे.
- घर्षण शून्य करून व्हॉल्व्ह क्षणात मिटवा. ३४.६ बारचा चौकोनी तरंग, आवर्तन १४.१ मिलिसेकंद, आणि शंभर आवर्तनांनंतरही उंची तीच हवी.
- इंजेक्टरच्या जागी झ एवढा रेषीय विरोध लावा आणि टाकीकडून एक छोटा धक्का पाठवा. काहीच परत येता कामा नये. ही तपासणी फार थोडे जण करतात, आणि चिन्हांच्या चुका इथेच पकडल्या जातात.
- तुकडे दुप्पट करा. शिखरं एका टक्क्यापेक्षा जास्त हलली तर ग्रिड कमी आहे.

दुसऱ्या तपासणीत एक विचित्र गोष्ट दिसेल: २४ बारमधून ३४.६ वजा होऊन दाब −१०.६ बार होतो. गणिताला त्याचं काही नाही, पण खरा द्रव त्याआधीच बाष्पदाबाला फुटतो, आणि ९० केल्व्हिनचा ऑक्सिजन साधारण १ बारलाच उकळतो. तपासणी संपली की प्रत्येक नोडवर अगदी थोडा वायू ठेवणारं मॉडेल चालू करा. प्रमाण दहालाखांश भागाच्याही खाली पुरतं. पोकळी मिटताना दोन बाजूंचे स्तंभ आदळतात आणि दुसरं शिखर कधीकधी पहिल्यापेक्षा उंच जातं. नळीचा दाब फक्त पहिल्या शिखरावरून ठरवला तर फसगत होते.

पायरी ७: चगिंगची सीमा

‘इंजेक्टरवर चेंबरच्या दाबाच्या १५ ते २० टक्के ठेवा’ हा ठोकताळा सर्वत्र ऐकू येतो. आपल्याकडे नेमके २० टक्के आहेत. पण ठोकताळ्यात विलंबाचा उल्लेखच नाही. इंधन आणि ऑक्सिडायझर दोन्ही बाजूंचा दाबफरक सारखा, लाइन ताठ आणि विलंब एकच धरला तर हिशोब छोटा आहे. चेंबरचा दाब भागिले दाबफरकाची दुप्पट म्हणजे लूपचा गेन (एका फेरीत दोलन किती पट होतं): २० ÷ ८ = २.५. गेनच्या वर्गातून १ वजा करून वर्गमूळ घ्या, २.२९, ते १.४ मिलिसेकंदांनी आणि मग २π ने भागलं की सीमेवरची वारंवारता मिळते, २६० हर्ट्झ. फेजचा हिशोब लावला की स्थिर राहण्यासाठी विलंब १.२१ मिलिसेकंदांच्या आत हवा. दाबफरक ६ बार (३० टक्के) केला तर तीच मर्यादा २.३३ मिलिसेकंदांवर जाते आणि वारंवारता १५२ हर्ट्झवर उतरते.

आता नळी जोडा. टाकीचा दाब स्थिर असेल आणि घर्षण नगण्य, तर इंजेक्टरकडून पाहताना नळी शुद्ध प्रतिक्रियात्मक दिसते. ती गेन वाढवत नाही, फक्त घटवते आणि फेज हलवते. ७१ हर्ट्झला ती भिंतीसारखी ताठ असते, प्रवाह हलूच देत नाही. १४२ हर्ट्झला ती अदृश्य होते, जणू टाकी थेट इंजेक्टरला जोडली आहे. त्याच्या जरा वर ती जडत्वासारखी वागून प्रवाहाला मागे ओढते, म्हणजे विलंब वाढल्यासारखंच. १५२ हर्ट्झची सीमा या जागेला किती जवळ आहे ते पाहा! दाबफरक वाढवला म्हणून निर्धास्त होण्याआधी नायक्विस्ट आलेख (लूपचा गेन आणि फेज एकत्र दाखवणारा) काढा, विलंब १ ते ४ मिलिसेकंद सरकवत.

पायरी ८: अ‍ॅक्युम्युलेटर, आणि त्याची मान

लाइनची वारंवारता मुद्दाम खाली आणायची तर इंजेक्टरजवळ वायूची उशी देतात, हाच अ‍ॅक्युम्युलेटर. १० हर्ट्झ हवे असतील तर नळीचं जडत्व (लांबी ÷ क्षेत्रफळ) ६१११ प्रति मीटर. त्यावरून २४ बारला सुमारे १४५ मिलिलिटर हेलियम लागतो. इथवर सगळे बरोबर येतात. मग उशी जोडणारी मान १० मि.मी. व्यासाची, १० सें.मी. लांब बनवतात. त्या मानेत अडकलेल्या द्रवाचं जडत्व आणि उशी मिळून २२ हर्ट्झला स्वतःच घुमतात, आणि १४२ हर्ट्झला मानेचा विरोध ११ बार प्रति (किलो/सेकंद) होतो, झ च्या दोन-तृतीयांश. अ‍ॅक्युम्युलेटर बसवलेला दिसतो, पण तरंगाला तो जेमतेम जाणवतो. मान २० मि.मी. व्यासाची आणि ३ सें.मी. लांब केली की तोच विरोध ०.६ च्या खाली येतो.

पायरी ९: पोगोसाठी जास्तीचं काय

रचनेचे लांबीच्या दिशेचे मोड, त्यांच्या वारंवारता, आणि टाकीच्या तळाशी व पंपाशी त्यांचं विस्थापन हे रचनेच्या गटाकडून घ्यावं लागतं. पंप असेल तर त्याच्या तोंडाशी कॅव्हिटेशनची लवचीकता आणि प्रवाह बदलला की पोकळी किती बदलते तो गुणांक, असे दोन आकडे वाढतात. दोन्ही सक्शन दाबावर अवलंबून असतात, आणि तो उड्डाणभर बदलत राहतो. म्हणून एका क्षणाचं मॉडेल पुरत नाही. उड्डाणाच्या वेळेविरुद्ध रचनेची आणि लाइनची वारंवारता एकाच आलेखावर काढा, पंपाची लवचीकता निम्मी ते दुप्पट सरकवा, आणि रेषा कुठे छेदतात ते बघा.

१९६२ मध्ये टायटन-२ क्षेपणास्त्र सुमारे ११ हर्ट्झला हादरत होतं. डिसेंबरमधल्या एका उड्डाणात फक्त ऑक्सिडायझरच्या बाजूला स्टँडपाइप (वायूची उशी देणाऱ्या उभ्या नळ्या) बसवले, आणि हादरे कमी होण्याऐवजी वाढले. पहिला टप्पा वेळेआधी बंद झाला. इंधनाच्या बाजूलाही अ‍ॅक्युम्युलेटर दिल्यावर प्रश्न आटोक्यात आला. एकाच बाजूचं मॉडेल करून समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एप्रिल १९६८ मध्ये अपोलो ६ च्या पहिल्या टप्प्यात साधारण ५ हर्ट्झचा पोगो दिसला, तेव्हा ऑक्सिजन लाइनच्या प्रीव्हॉल्व्हमधल्या (इंजिनाच्या आधीच्या व्हॉल्व्हमधल्या) पोकळीत हेलियम भरून तीच उशी साधली. अपोलो १३ मध्ये मात्र दुसऱ्या टप्प्याचं मधलं इंजिन १६ हर्ट्झच्या कंपनांनी सुमारे दोन मिनिटं आधी बंद पडलं.

पायरी १०: पाण्याने जुळवणी

इंजिन पेटवण्याआधी तीच लाइन पाण्याने भरून, २४ बारला, व्हॉल्व्ह झटकन मिटवून घुमवा. पाण्यात या नळीचा तरंगवेग सुमारे १३१० मीटर प्रति सेकंद यायला हवा, म्हणजे पावलहरीला १०९ हर्ट्झ. सेन्सर नळीच्या भिंतीलाच बसवा. ३० सें.मी.ची जोडनळी, त्यात एखादा बुडबुडा, की तुम्ही लाइनऐवजी त्या जोडनळीची वारंवारता मोजत बसता. नमुने सेकंदाला किमान ५००० घ्या.

समजा १०९ ऐवजी ९० हर्ट्झ आले. तरंगवेग १०८० निघतो, आणि उलटा हिशोब केला की लाइनमध्ये ०.०९ टक्के हवा आहे असं दिसतं. नळीत दीड लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे हवा जेमतेम १.४ मिलिलिटर. ती कुठे आहे? पुढचे मोड पाहा. हवा सगळीकडे पसरलेली असेल तर ९०, २७०, ४५० असं १:३:५ चं प्रमाण टिकतं. एका ठिकाणी साठली असेल तर प्रमाण मोडतं. पहिला मोड खाली आला पण दुसरा जवळपास ३२७ लाच राहिला, तर बुडबुडा दुसऱ्या मोडच्या दाबशून्य बिंदूपाशी आहे: मिटलेल्या व्हॉल्व्हपासून लांबीच्या एक-तृतीयांशावर, इथे एक मीटरवर. यादीत त्या जागी कोणता टी वर तोंड करून आहे ते शोधा, तो फिरवा किंवा तिथे हवा काढायची तोटी द्या, आणि पुन्हा घुमवा.